डाव्या कडेचा माणूस

गव्हाचा चीक शिजायला लागला की आमच्या बिल्डिंगच्या जिन्यात आंबूस, ओलसर वास भरतो. खालच्या मजल्यावर तो नुसता जाणवतो, तिसऱ्या मजल्यावर आमच्या दाराशी पोचेपर्यंत भूक लागते. शिवरात्रीला थंडी शिव शिव म्हणत जाते म्हणतात. यंदा ती त्याआधीच, कुणाला न सांगता गेली आणि आईनं गहू भिजत घातले. दर वर्षी ती म्हणते की हे शेवटचं, पुढच्या वर्षीपासून विकतच्या कुरडया आणायच्या. यंदा ते खरं आहे, कारण आमची सोसायटी पाडून नवी बांधणार आहेत. कोथरूडमधल्या आमच्या गल्लीत जुन्या बिल्डिंगा आता हाताच्या बोटांवर मोजण्याइतक्या उरल्यात. नव्यांच्या गच्चीवर सोलर पॅनेल असतात, तिथे कुरडयांना कोण विचारतो.

लहानपणी मला हे दिवस फार आवडायचे. वार्षिक परीक्षा डोक्यावर असायची, आणि गच्चीवर अभ्यासाला जाते असं सांगून मी अर्धवट वाळलेल्या चामट कुरडया खात बसायची. वाटीत गरम चीक, त्यावर तूप-साखर. पुस्तकाच्या पानांना तुपाचे डाग पडलेले असायचे आणि त्यावरून आई ओळखायची की कुठल्या धड्यापर्यंत अभ्यास झालाय. आता मात्र हा वास आला की माझ्या कपाळाला आठी पडते. आई म्हणते, गरम आहे तोवर खा, आणि मी काहीतरी सबब काढते. तिला खरं कारण माहीत आहे. आमच्या घरात सगळ्यांना सगळं माहीत असतं, फक्त कुणी बोलत नाही.

मी कॉमर्सच्या शेवटच्या वर्षाला होते तेव्हा मी फोटोग्राफीचा क्लास लावला. जूनपासून मार्चपर्यंत, शनिवार-रविवार. एका किराणा दुकानाच्या वरच्या दोन खोल्यांत तो भरायचा, त्यामुळे फोटोग्राफी म्हटलं की मला अजूनही हिंगाचा आणि उदबत्तीचा वास येतो. पहिल्या शनिवारी मी टेकडीवरून काढलेला सूर्यास्त घेऊन गेले होते. सूर्य बरोबर मधोमध, नारंगी, गोल गरगरीत. मला वाटलं होतं सर खूश होतील. त्यांनी माझा प्रिंट टेबलावर ठेवला आणि त्याच्यावर एक काळा पुठ्ठा ठेवला. पुठ्ठा असा बेतून कापलेला की चारी बाजूंना दोन-दोन बोटं एवढाच फोटो उघडा राहावा. सूर्य गेला पुठ्ठ्याखाली. उरलं काय, तर वरती विजेची एक तार, खाली प्लास्टिकची बाटली आणि डाव्या बाजूला कुणाचं तरी कोपर.

“आधी चारही कडा वाचायच्या,” सर म्हणाले, “मग आत यायचं. मधलं काय, कुणालाही दिसतं. कडेला तुम्ही काय येऊ दिलंत त्यावरून तुम्ही कोण ते कळतं.”

मग त्यांनी विचारलं, हे कोपर कुणाचं. मी म्हटलं, बाबांचं.

सगळा वर्ग हसला. मीही हसले, पण कान गरम झाले होते.

बाबा त्याच वर्षी निवृत्त झाले होते. सकाळी डबा घेऊन बाहेर पडायची सवय लागलेल्या माणसाला घरी बसवलं की तो नळ दुरुस्त करायला लागतो, चांगले नळसुद्धा. म्हणून आईनंच त्यांना माझ्या मागे लावून दिलं. कॅमेरा मामाचा जुना, जड; तो सांभाळायला, स्कूटर चालवायला आणि एकटी मुलगी कुठे फिरणार म्हणून सोबतीला, असे तीन हुद्दे बाबांना एकदम मिळाले. मी फोटो काढायला थांबले की ते स्कूटर स्टँडला लावायचे आणि माझ्या डाव्या हाताला येऊन उभे राहायचे. उजव्या हाताला कधीच नाही. का ते मी त्यांना कधी विचारलं नाही. मी बटण दाबेपर्यंत ते श्वास रोखून धरायचे आणि खटका ऐकू आला की मोठ्यानं सोडायचे, जणू त्यांच्याच श्वासानं फोटो हलणार होता.

त्यामुळे पहिले काही महिने दर शनिवारी काळ्या पुठ्ठ्याच्या डाव्या बाजूनं बाबा बाहेर यायचे. कधी चपलेचा अंगठा, कधी हेल्मेट, कधी नुसती सावली. धायरीत, नव्या टॉवरांच्या मधे अजून एक म्हशींचा गोठा टिकून होता. तिथल्या पाण्याच्या हौदात टॉवरचं प्रतिबिंब पडलेलं मला दिसलं आणि मी हरखले. असं काही आपल्याला दिसू शकतं हेच मला नवीन होतं. गोठ्याची मालकीण म्हणाली, “फोटो काढतीयास व्हय, काढ की. पर म्हशीला नाव ठिवू नगंस, ती लई समजूतदार हाय.” मी हौदाजवळ उकिडवी बसून पुष्कळ फोटो काढले. घरी येऊन बघते तर प्रत्येकात पाण्याच्या कडेला बाबांची पँट, गुडघ्यापर्यंत दुमडलेली. मी त्यांच्यावर चिडले. पुढच्या वेळी ते जरा लांब उभे राहिले, आणि तरीही आले.

वर्गात तो एक विनोदच होऊन बसला. सर पुठ्ठा ठेवायच्या आधीच विचारायचे, आज काका कुठून आलेत. वाघोलीहून यायची ती प्राची, आमच्यातली एकटीच नोकरी करणारी, मूळची यवतमाळची, ती तर बाबांचा कुठला भाग दिसेल यावर पैज लावायची. सर मात्र एका बाबतीत कडक होते. क्रॉप करायचं नाही. कॉम्प्युटरवर नको ती बाजू छाटून टाकली तर पोर आयुष्यात बघायला शिकणार नाही, असं त्यांचं म्हणणं. जे आलं ते आलं, ते घेऊन उभं राहा. एका मुलानं एकदा हळूच कड छाटून आणली होती. सरांनी नुसत्या पट्टीनं मापून ती पकडली आणि त्याला तो फोटो सगळ्यांसमोर परत घ्यायला लावला. मला त्या दिवशी सर देवासारखे वाटले होते. खोटं का बोलू, देवच.

दिवाळीनंतर कधीतरी माझ्यात फरक पडायला लागला. मी कॅमेऱ्यातून बघताना आधी मधे बघायची सोडून चारी बाजूंनी नजर फिरवायला लागले. आणि मग ते कॅमेऱ्यापुरतं राहिलं नाही. जेवताना ताटाची कड दिसायची, आईच्या पदराला पुसलेले हळदीचे हात दिसायचे, बसच्या खिडकीत बाहेरच्या रस्त्याआधी काचेवर कुणीतरी डोकं टेकून ठेवलेला तेलाचा डाग दिसायचा. रस्त्यावरचं अर्धं कुत्रं मी मुद्दाम अर्धंच ठेवायला लागले. आणि एक दिवस लक्षात आलं की मी बाबांना टाळायचं थांबवलंय. ते डावीकडे आहेत हे मला माहीत असायचं आणि मी त्यांच्यासाठी तेवढी जागा सोडायची. सरांनी ते ओळखलं. एका शनिवारी पुठ्ठा उचलून ते म्हणाले, आता काका चुकून येत नाहीत. त्या वाक्यावर मी आठवडाभर हवेत होते.

आणि मग फेब्रुवारी संपता संपता तो फोटो आला. आमचीच गच्ची. सकाळचं तिरकं ऊन. पांढऱ्या धोतरावर कुरडयांच्या ओळी, त्यांच्यावर वाकलेल्या आई आणि शेजारच्या काकू, दोघींचे फक्त हात आणि सोऱ्या. पारवे आणि कावळे हाकलायची ड्युटी दर वर्षी बाबांकडे असते. एका हातात वेळूची काठी, दुसऱ्यात काळी छत्री. ते डाव्या कडेला उभे होते. अर्धेच आले होते: एक कान, एक खांदा, बनियनची पट्टी, छत्री धरलेला हात. आणि त्यांची सावली, छत्रीसकट, कुरडयांवरून आडवी, फोटोच्या पार दुसऱ्या टोकापर्यंत गेली होती. बायका त्या सावलीत बसून काम करत होत्या. बाबांचा गाल फुगलेला होता. माझा खटका वाजायची वाट बघत त्यांनी श्वास धरलेला होता.

हा फोटो मी काढला, हे मला दोन दिवस खरं वाटेना. सरांनी पुठ्ठा ठेवला, उचलला, परत ठेवला. मग म्हणाले, मार्चच्या प्रदर्शनात हा दारासमोरच्या भिंतीवर लागेल. बाकी काही लागो न लागो.

मी घरी सांगितलं की बाबा भिंतीवर लागणार. बाबा म्हणाले, “अजून जिवंत आहे मी.” पण दुसऱ्या दिवशी त्यांनी पांढरा शर्ट धोब्याकडे टाकला. सोसायटीतल्या झाडून सगळ्यांना सांगितलं, जुन्या ऑफिसातल्या दोघांना फोन केले. ज्या माणसानं स्वतःच्या निवृत्तीच्या समारंभाला शेजाऱ्यांना कळवलं नव्हतं, तो आता दूधवाल्याला सांगत होता की शनिवारी हॉलवर या, मी आहे फोटोत.

प्रदर्शनाच्या दिवशी सकाळी माझा पेपर होता. फोटो लावायला आम्हा सगळ्यांना बोलावलेलं, मला जमणार नव्हतं, म्हणून बाबा माझ्याऐवजी गेले. हातोडी, खिळे, पाणसळ असं सगळं पिशवीत घालून. मी दुपारी पेपर संपवून, हातातल्या पॅडसकट थेट हॉलवर पोचले. दारातूनच समोरची भिंत दिसत होती.

फोटोत बाबा नव्हते.

कुरडया होत्या, हात होते, सावली होती. छत्रीवाल्या माणसाची लांबलचक सावली डाव्या कडेतून आत आली होती आणि जिथून ती आली तिथे फोटो संपलेला होता. मला आधी वाटलं चुकीचा प्रिंट लागलाय. मग प्राची जवळ आली. तिचा चेहरा पडलेला होता. ती म्हणाली, “सकाळीच सरांनी कटरवर कापला. मी पट्टी धरली होती. मला वाटलं तुला विचारलं असेल गं.”

सर पाहुण्यांबरोबर होते. मी त्यांना बाजूला बोलावलं. मी भांडायला गेले होते, पण तोंडातून फक्त एवढंच निघालं की सर, क्रॉप करायचं नाही ना. त्यांनी माझ्या खांद्यावर हात ठेवला आणि अगदी प्रेमानं समजावलं. “तुझा बाबा कोण हे बघणाऱ्याला माहीत नाही. त्याला एक अर्धा माणूस दिसतो, बनियनमधला. आता बघ. सावली आहे, माणूस नाही. आता लोक थांबतात.” आणि पुढे म्हणाले की नियम शिकणाऱ्यांसाठी असतात, तू आता शिकलीस.

लोका सांगे ब्रह्मज्ञान, दुसरं काय. पण खरा दगा पुढेच होता. मी परत भिंतीकडे बघितलं आणि मला दिसलं की लोक खरंच थांबत होते. मलाही, वर्षभर घासून घासून तयार केलेल्या माझ्या त्या नजरेला, तो फोटो आवडला. क्षणभरच. त्याबद्दल मी सरांना कधी माफ केलेलं नाही. माझ्या फोटोला हात लावला म्हणून जितका राग आहे त्याहून जास्त याचा आहे की त्यांनी माझे डोळे आपल्या बाजूला वळवून घेतले होते आणि मला ते त्या दिवसापर्यंत कळलं नव्हतं. वर्षभर ज्या माणसानं मला सांगितलं की कडेला काय आहे ते जप, त्याला ती कड फक्त सरावापुरती हवी होती.

बाबा तोवर दाराजवळ उभे होते. धोब्याकडून आणलेल्या पांढऱ्या शर्टात. हातोडी पिशवीत घातलेली. माझ्या डोक्यात हळूहळू उजेड पडला की तो फोटो तिथे बाबांनीच टांगलाय. खिळा त्यांनी ठोकला, पाणसळ लावून फ्रेम सरळ त्यांनी केली. सकाळपासून त्यांना माहीत होतं, आणि सोसायटीची मंडळी दुपारी येणार हेही माहीत होतं, कारण बोलावलं त्यांनीच होतं.

मंडळी आली. शेजारच्या काकूंनी आपले हात ओळखले आणि त्या हरखून गेल्या. मग त्यांनी फोटो वरून खाली, खालून वर असा दोनदा पाहिला. “अहो, पण तुम्ही कुठे आहात यात?”

बाबांनी शर्टाच्या खिशावर बोट ठेवलं. “मी इथे आहे,” ते म्हणाले.

त्यांनी खिशातून कागदाची एक गुंडाळी काढून उलगडली. चार बोटं रुंद पट्टी. त्यात एक कान, एक खांदा, फुगलेला गाल. कटरखालच्या कचऱ्यातून त्यांनी ती सकाळीच उचलून ठेवली होती. मंडळी पोट धरून हसली, कुणीतरी ती पट्टी फोटोच्या शेजारी धरूनही बघितली, आणि बाबाही हसले. मी बाथरूममध्ये जाऊन रडले. परत आले तेव्हा बाबा ऑफिसातल्या मित्राला सोऱ्याच्या कुठल्या चकतीनं कुरडई बारीक पडते ते समजावून सांगत होते.

त्या फोटोला पुढे कुठेसं बक्षीस मिळालं. मी सर्टिफिकेट घ्यायला क्लासवर गेले नाही. पण क्लासनं दिलेलं सोडलं असंही नाही, कारण मी आज त्याच्यावरच पोट भरते. ऑनलाइन दुकानांसाठी कुर्ते, डबे, बिस्किटांचे पुडे यांचे फोटो काढते. पांढऱ्या पार्श्वभूमीवर. तिथे कडेला काही येतच नाही, आणि आलं तर मी दिवसभर बसून छाटते. हसू येतं कधी कधी.

मला जे परत मिळालं नाही ते वेगळंच आहे. त्या दिवसानंतर बाबा माझ्या फोटोत आले नाहीत. माझ्याबरोबर फिरणं त्यांनी लगेच बंद केलं नाही, पण डाव्या हाताला उभं राहणं बंद केलं. मी कॅमेरा उचलला की ते विचारायचे, “किती सरकू?” आणि उत्तराची वाट न बघता सरकायचे. वर्षभर सरांच्या गप्पा माझ्या तोंडून ऐकून त्यांना कड कुठे संपते ते अचूक कळायला लागलं होतं. माझ्या लग्नाच्या अल्बममध्ये ते दोनदाच आहेत, दोन्ही वेळा पाठमोरे. घरच्या फोटोच्या वेळी तर फोन हातात घेऊन तेच म्हणतात, तुम्ही उभे राहा, मी काढतो. कुणाला ते लक्षातही येत नाही. मला येतं. मला कडा वाचायला शिकवलंय ना.

यंदा कावळा बसायला आणि फांदी मोडायला गाठ पडावी तसा ज्या आठवड्यात गहू भिजले त्याच आठवड्यात सरांचा मेसेज आला. क्लासच्या जुन्या विद्यार्थ्यांचं मोठं प्रदर्शन करताहेत, ‘तो’ फोटो मोठ्या आकारात हवाय. मी लिहिलं की माझ्याकडे पूर्ण फोटो आहे, तो पाठवते. लगेच उत्तर आलं: पूर्ण नको, लोकांना जो माहीत आहे तोच पाठव. इतक्या वर्षांनी मला वाटलं होतं मी थंडपणे वाचेन. मी फोन पालथा घातला.

मी बाबांना विचारलं काय करू. ते पेपर वाचत होते. चष्मा वर न करता म्हणाले, “पाठवून दे की. त्यांना सावली हवीय, ती घेऊ देत. माझा भाग माझ्याकडे आहे.” तो खरंच आहे. चष्म्याच्या घरात, तळाशी, आता वाळक्या पानासारखा तडकलाय.

मी पाठवला नाही. उत्तरही दिलं नाही.

काल सकाळी गच्चीवर शेवटच्या कुरडया घातल्या. खालच्या मजल्यांवरचे बरेच जण सामान बांधून गेलेत, तेव्हा आई आणि शेजारच्या काकू दोघीच होत्या. बाबा खुर्चीवर बसून पारवे हाकलत होते. गुडघ्यांमुळे आता फार उभं राहवत नाही. ऊन तेच, तिरकं. छत्री तीच, एक काडी मोडलेली. मी मामाचा जुना कॅमेरा काढला. तो डोळ्याला लावायच्या आतच खुर्ची करकरली. बाबा उठले होते.

“किती सरकू?”

ते डावीकडे सरकले. मी कॅमेरा डावीकडे नेला. त्यांना वाटलं आपण अजून फोटोत येतोय, म्हणून ते आणखी सरकले, काठी टेकत टेकत. मीही आणखी वळले. कुरडया गेल्या, आईचे हात गेले, पाण्याची टाकी आली आणि गेली. आई ओरडली की अगं इकडे बघ, ओळी इकडे आहेत. बाबा सरकत सरकत कठड्याला टेकले. त्यांनी मागे वळून पाहिलं, मग माझ्याकडे.

“आता मागे जागा नाही,” ते म्हणाले.

आणि सवयीनं श्वास धरला.

मी बटण दाबलं. फोटोत कुरडया नाहीत. सावली कुठे पडलीय ते दिसत नाही. बाबा मधोमध आहेत, दोन्ही कानांसकट, आणि चांगलेच वैतागलेले दिसतात. कडा मी वाचल्या नाहीत.